कपालेश्वरासमोरचा नंदी: कुशीच्या प्रयोगाचा तिसरा महिना

स्वप्नात असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळलं तर ते ल्युसिड स्वप्न; ते कसं झोपलं की जास्त पडतं, हे मी स्वतःवर तपासतोय. त्यासाठी डिसेंबर संपायच्या आत उताणं झोपायची सवय लावून दाखवीन, अशी बढाई मी मारली होती. लागली नाही. एक तर थंडी. आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरात पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. अंग आपसूक मुटकुळं करून कुशीवर वळतं. दुसरं घोरणं. उताणं झोपलं की जीभ नि टाळूचा मऊ भाग मागे पडतो, श्वासाची वाट अरुंद होते, आणि बायकोचं कोपर माझ्या बरगडीत बसतं. त्या कोपराने प्रयोगात बरीच लुडबूड केली आहे.

पद्धत अशी. साडेदहाला झोप, चारला गजर, वीस मिनिटं जागं राहायचं. त्या वेळात स्वप्नांची वही वाचायची, मोबाइलला हात लावायचा नाही. मग ठरलेल्या बाजूला पडून ‘माइल्ड’ नावाची युक्ती: पुढच्या स्वप्नात मला कळणार आहे की हे स्वप्न आहे, एवढंच घोळवत राहायचं. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं आणि स्वप्नांची, म्हणजे रेमची, पाळी पहाटेकडे लांबत जाते, म्हणून हा चारचा खटाटोप. कारखान्यातली पहिली पाळी सातला सुरू होते, सहाला उठावंच लागतं. रात्रपाळीचे आठवडे मी मोजतच नाही. दिवसाची झोप, कुकरच्या शिट्ट्या आणि भंगारवाल्याची हाळी यांतून काय निष्कर्ष काढणार?

आता आकडे. उताणं 11 रात्री, त्यात ल्युसिड 2. डावी कूस 12 रात्री, 1. उजवी 10, 1. पालथं 5, शून्य. पाचव्या दिवशी मान अशी धरली की अंबडला मशीनवर उभं राहून डावीकडचा मीटर बघायला अख्खं अंग वळवावं लागत होतं. पालथं माझ्याकडून बंद. 38 रात्रींत 4 म्हणजे काही वाईट नाही, पण यावरून कुठली बाजू भारी ते ठरवायचं तर मटक्याचे आकडे काय वाईट?

त्या चार स्वप्नांतलं एक मात्र सविस्तर लिहितो, कारण ते वर्षभराच्या मशागतीचं फळ आहे.

पंचवटीतल्या कपालेश्वराच्या देवळात शंकरासमोर नंदी नाही, हे नाशिककरांना सांगायला नको. शंकराने तिथे नंदीला गुरू मानलं म्हणून तो समोर बसत नाही, अशी कथा. गेल्या वर्षापासून मी तिथे गेलो की पायऱ्या चढल्यावर मुद्दाम थांबतो आणि मनात विचारतो, नंदी आहे का? नाही. म्हणजे मी जागा आहे, स्वप्नात नाही. हात बघणं, घड्याळ दोनदा बघणं हे रिअ‍ॅलिटी चेक, म्हणजे आपण जागे की स्वप्नात हे तपासायचे उपाय, मी करून पाहिले, पण ते आठवड्याभरात यांत्रिक होतात. नंदीचं तसं झालं नाही.

जानेवारीतली पहाट, उताणाच झोपलो होतो. स्वप्नात रामकुंडाकडून पायऱ्या चढतोय, हातात कारखान्यातला व्हर्निअर. वर गेलो तर नंदी बसलेला. काळा, तेलाने चकचकीत, आणि एक म्हातारी त्याच्या वशिंडावर पळीने तेल सोडतेय. मी व्हर्निअरने त्याच्या शिंगाची जाडी मोजायला लागलो. माप येईना, दर वेळी आकडा वेगळा. तरी डोक्यात प्रकाश पडला तो मापामुळे नाही. दगडाला हात लावला आणि तो जनावरासारखा उबदार लागला. इथे नंदी कुठून? नाक दाबलं. श्वास चालूच. झालं, स्वप्न!

आनंदाने चित्र फिकट व्हायला लागलं, तेव्हा तळहात एकमेकांवर घासले. हा उपाय खरंच चालतो, घासल्याची जाणीव स्वप्नातल्या अंगाला धरून ठेवते. म्हातारीला विचारलं, “आजी, मी आत्ता कुठल्या कुशीवर झोपलोय?” ती म्हणाली, “तेल संपलं.” तेवढ्यात कोपर.

आता मुद्द्याचं. उताणं झोपल्यावर 11 पैकी 9 रात्री स्वप्न नीट आठवलं, बाकी बाजूंना जेमतेम निम्म्या. पहिल्यांदा वाटलं, सापडलं गुपित! मग वही पुन्हा चाळली. त्या नऊपैकी सात रात्रींपुढे ‘मध्ये जाग’ असं लिहिलंय: घोरण्याने, कोपराने, पाय आखडल्याने. स्वप्नातून थेट जाग आली तरच ते हाती लागतं. म्हणजे उताणेपणा मला स्वप्नं देत नसावा, झोप मोडतो; आणि मोडलेल्या झोपेतून स्वप्नं सांडतात. ल्युसिडचंही तेच असेल असा माझा कयास.

संशोधनात दोन गोष्टी नेहमी पुढे केल्या जातात. 2004 मधला तुर्की अभ्यास: डाव्या कुशीवर झोपणाऱ्यांना भयस्वप्नं जास्त. पण डावीकडचे लोक होते 22, त्यांतल्या 9 जणांना भयस्वप्नं. उजवीकडे 41 मध्ये 6. चार माणसं इकडची तिकडे झाली तर चित्र बदलेल. दुसरा 2012 चा हाँगकाँगचा, 670 जणांचा: पालथं झोपणाऱ्यांना कामुक स्वप्नं आणि गुदमरल्याची, बांधून ठेवल्याची स्वप्नं जास्त. तोही लोकांनी स्वतः सांगितलेल्यावर, मापून नव्हे. रात्रीत आपण किती वेळा कूस बदलतो याचा आपल्याला पत्ता नसतो. माझ्या वहीचंही हेच दुखणं आहे, म्हणून मी आता पडलो कसा आणि उठलो कसा, दोन्ही लिहितो.

उताण्याचा दुसरा हिशेब मात्र पक्का: झोपेतला लकवा. या स्थितीत तो जास्त येतो, हे वारंवार दिसलं आहे. मला दोनदा आला. डोळे उघडे, खोली दिसतेय, बोट हलत नाही, छातीवर वजन. आजी असती तर म्हणाली असती मुंजा बसला. रेममध्ये अंगाचे स्नायू सैल सोडलेले असतात, ते परत ताब्यात यायच्या आधीच जाग येते, एवढंच. डोळे मात्र सुटलेले असतात. 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने ठरवून डावी-उजवीकडे हलवलेल्या डोळ्यांवरूनच झोपलेल्या माणसाचा ‘हे स्वप्न आहे हे मला कळलंय’ हा निरोप टिपला होता. धडपड करू नका. श्वास सावकाश सोडा, पायाचं एखादं बोट हलवायला बघा. दुसऱ्या वेळी मी तसं केलं आणि अर्ध्या मिनिटात सुटलो.

हाताला लागलेली खरी गोष्ट वेगळीच. जाग आली की हलायचं नाही. ज्या स्थितीत उठलात तसेच पडून राहा, डोळे मिटून शेवटचं चित्र पकडा. काही येईना तर सावकाश दुसऱ्या कुशीवर वळा आणि पुन्हा थांबा. तीन वेळा डावीकडे काहीच आठवलं नाही आणि उजवीकडे वळताच अख्खं स्वप्न आलं, एकदा तर बसच्या तिकिटाच्या रंगासकट.

वामकुक्षीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. रविवारी मिसळ खाऊन डावीकडे पडलो तर स्वप्न नाही, फक्त ढेकर. तिबेटी स्वप्नयोगात उजवी कूस सांगितली आहे, सिंहशय्या; अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातला निर्वाणाचा बुद्ध तसाच पहुडलेला आहे, उजवा हात डोक्याखाली. फेब्रुवारी या उजव्या कुशीला दिला. दोन आठवडे दुसरी पाळी आहे, म्हणजे सकाळी लवकर उठायची सक्ती नाही. पाठीवर येऊ नये म्हणून जुन्या टी-शर्टला मागे खिसा शिवून टेनिसचा चेंडू घातला आहे. शिवून बायकोनेच दिला, न मागता.