सीटखालचा गंज

आज लेकीसाठी जुनी सायकल बघायला गेलो होतो. वरून अगदी चकाचक, नवा रंग मारलेला. तरी सीट काढायला लावली. दांडा ओढला तर त्याला ओलसर तांबूस चिखल! नळीत मोबाइलचा टॉर्च मारला, आत पापुद्रे सुटलेले. मग सायकल उलटी केली. पायडलपाशी, जिथे सगळ्या नळ्या येऊन मिळतात, तिथे रंग फुगला होता. नख लावताच खपली हातात. पावसाचं पाणी सीटच्या नळीतून उतरून नेमकं तिथेच साचतं. वरवरचा गंज पॉलिश पेपरने जातो हो, पण लोखंडच आतून खाल्लं गेलं की काही खरं नाही. नको म्हटलं. लेकीचा चेहरा पडला. पण सिंहगड रोडच्या गर्दीत तिच्याखाली फ्रेम मोडली तर? रविवारी दुसरी बघायला जाणार आहोत.