प्रीमियम कुठे मोजायचा? विमा पोर्टलचे लेयर पाडतानाचा माझा अनुभव

१ जून २०२२ पासून मोटार विम्याचे थर्ड पार्टीचे (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या विम्याचे) दर बदलले. आधीचे दर जून २०१९ चे होते आणि कोविडच्या काळात ते तसेच राहिले होते. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी ३,२२१ रुपयांचे ३,४१६ झाले. मी तेव्हा पुण्यात एका जनरल इन्शुरन्स कंपनीच्या ऑनलाइन पॉलिसी पोर्टलवर काम करत होते. काम वरवर एवढंच, की एक आकडा बदलायचा. कोडमध्ये ३२२१ शोधायला घेतला, तर तो कोटेशनच्या जेएसपी पानात (सर्व्हरवर तयार होणाऱ्या वेब पानात) होता, त्याच पानाच्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये होता, ओरॅकलच्या एका स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये) होता आणि नूतनीकरणाचं स्मरणपत्र पाठवणाऱ्या, रात्री आपोआप चालणाऱ्या बॅच जॉबमध्येही होता. चारही ठिकाणी प्रीमियम मोजला जात होता, आणि चारही ठिकाणी थोडा वेगळा.

दर वेळेत बदलले. पण त्यानंतर पोर्टल लेयरमध्ये, म्हणजे एकेका कामाच्या वेगळ्या थरांमध्ये, नीट विभागायचं ठरलं आणि पुढचं बरंच काम माझ्याकडे आलं. कुणी असंच काम हातात घेत असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

कंट्रोलर (विनंती घेणारा), सर्व्हिस (नियम चालवणारा), रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा) असे तीन फोल्डर पाडले की लेयर झाले, असं बऱ्याच जणांना वाटतं. आमच्या जुन्या कोडमध्येही हे फोल्डर होतेच. सर्व्हिसमधली प्रत्येक मेथड खालच्या मेथडला हाक मारून मोकळी व्हायची आणि खरा हिशोब प्रोसिजरमध्ये व्हायचा. म्हणून मी फोल्डर बाजूला ठेवले आणि प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारत गेले: हा नियम बदलायचा अधिकार कुणाचा? थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अधिसूचनेतून येतो. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) दर १ जानेवारी २००७ पासून टॅरिफमुक्त, म्हणजे ठरलेल्या दरपत्रकातून मोकळा आहे, त्यामुळे तो कंपनीच्या अंडररायटिंगचा, म्हणजे जोखीम पाहून दर ठरवणाऱ्या विभागाचा. जीएसटी सरकारचा. बटण कुठे असावं हे डिझाइन टीमचं. पैसे कसे आले हे पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचं. हे अधिकार एका कागदावर मांडले आणि लेयरच्या रेषा आपोआप दिसायला लागल्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रुपयाच्या फरकात. एक उदाहरण पूर्ण मांडते, कारण विम्याचा हिशोब पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. पुण्यात नोंदलेली ११९७ सीसीची गाडी, तिला तीन वर्षं होऊन गेलेली, किंमत ६,५०,००० रुपये. चौथ्या वर्षातल्या गाडीला घसारा ४० टक्के, म्हणून आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ३,९०,०००. पुणे जुन्या टॅरिफमध्ये झोन ‘ए’ मध्ये येतं, त्या तक्त्यातला या गाडीचा मूळ दर ३.२८३ टक्के. सवलत धरली नाही, तर ओन डॅमेज १२,८०३.७० रुपये. तीन वर्षं क्लेम नाही, म्हणून ३५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट). तो फक्त ओन डॅमेजवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. उरले ८,३२२.४०५. त्यात ३,४१६ मिळवले आणि १८ टक्के जीएसटी लावला की १३,८५१.३२, म्हणजे १३,८५१ रुपये. (मालक-चालकाचा अपघात विमा आधीच असल्याचं धरलं आहे.)

आता हाच हिशोब प्रत्येक पायरीला पूर्ण रुपयात करून पाहा. १२,८०४ मधून ४,४८१ गेले, ८,३२३ राहिले. ३,४१६ धरून ११,७३९. जीएसटी २,११३. एकूण १३,८५२.

जावास्क्रिप्ट पहिल्या रीतीने मोजायची आणि प्रोसिजर दुसऱ्या. ग्राहकाने स्क्रीनवरचे १३,८५१ भरले आणि पॉलिसी काढणाऱ्या यंत्रणेला १३,८५२ हवे होते. हा एक रुपया किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे प्रीमियम हातात आल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम घेता येत नाही. रुपया कमी पडला की पॉलिसी अडकायची, आणि माणूस पैसे भरून विनाविमा गाडी चालवत असायचा. वाटेत अपघात झाला असता तर? मला हे फार लागलं होतं.

पूर्णांकन कुठे करायचं हे मी ठरवणार नव्हते. अंडररायटिंगच्या मॅडमकडे दोन्ही हिशोब घेऊन गेले. त्यांनी दोन्ही नीट पाहिले आणि म्हणाल्या, “पूर्णांकन शेवटी एकदाच करायचं. पण तुम्ही हे आधी कुणाला विचारलं कसं नाही?” तेव्हापासून प्रीमियमचा लेयर आणि त्यांचा विभाग यांच्यामध्ये एक एक्सेल शीट आली. गाडीची माहिती आणि अपेक्षित प्रीमियम त्या भरायच्या, आणि आमच्या चाचण्या रोज तीच शीट वाचायच्या. प्रीमियमच्या लेयरला डेटाबेस माहीत नाही, वेब माहीत नाही. त्याला गाडी द्या, तारीख द्या, तो आकडा आणि त्याच्या पायऱ्या देतो. पैशांसाठी डबल (दशांश अंदाजे ठेवणारा आकड्याचा प्रकार) वापरायचं नाही, बिगडेसिमलच (दशांश अचूक ठेवणारा), हा नियम आम्ही कोड रिव्ह्यूमध्ये कडक ठेवला.

तारीख हे दुसरं मोठं प्रकरण. मे महिन्याच्या शेवटी काढलेलं कोटेशन आणि जूनमध्ये सुरू होणारी पॉलिसी, दर कुठल्या तारखेचा? हाही प्रश्न अंडररायटिंगचाच. आमचं काम एवढंच, की त्याचं उत्तर एका जागी लिहिता यावं. म्हणून दरांच्या टेबलमधल्या प्रत्येक ओळीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ दिलं आणि जुनी ओळ कधीही पुसायची नाही असं ठरवलं. दोन वर्षांपूर्वीच्या पॉलिसीचा परतावा काढायचा असेल तर तेव्हाचाच दर लागतो.

स्क्रीनचा लेयर त्यामानाने पटकन झाला. जावास्क्रिप्टमधला हिशोब काढून टाकला, आकडा सर्व्हरकडून येतो. पान किंचित सावकाश झालं, ते मला मान्य आहे.

पेमेंटचं मात्र सर्व्हिस लेयरमध्येच बसवावं लागलं. पैसे कापले गेले आणि त्याच क्षणी ग्राहकाचं नेट गेलं, तर ब्राउझर आपल्या पानावर परत येतच नाही. त्यामुळे पॉलिसी ब्राउझरच्या भरवशावर काढायची नाही. गेटवेने सर्व्हरला थेट दिलेल्या पावतीवर काढायची. तीच पावती गेटवे दोनदा पाठवू शकतो, म्हणून व्यवहार क्रमांक आधी नोंदवायचा आणि दुसऱ्यांदा आला तर पहिलीच पॉलिसी परत द्यायची.

हीच रचना पुढे आरोग्य विम्याच्या भागालाही लावली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. ग्रुप पॉलिसीला ती सूट नाही आणि खासगी गाड्यांचा विमा १८ टक्क्यांवरच राहिला. दराची नवी ओळ टाकणं सोपं होतं. पण कराच्या नियमाला आता पॉलिसी वैयक्तिक आहे की ग्रुप, हेही कळायला हवं होतं. तो प्रकार प्रस्तावाच्या लेयरकडे होता, कराकडे कधी पोचवलाच नव्हता. एक फील्ड वाढवलं, शीटमध्ये ग्रुपच्या ओळी भरून घेतल्या, चाचण्या हिरव्या झाल्यावर बदल लाइव्ह केला. रात्रीचा बॅच जॉब आता त्याच प्रीमियम लेयरला विचारतो. क्लेमच्या प्रोसिजर अजून जुन्याच आहेत, सध्या तिथे बसले आहे.