तुम्ही विचारलंत म्हणून: नाचून वणवा विझतो का?

नाही विझत. हे आधीच सांगून टाकते, कारण वणव्यावरच्या माझ्या नृत्यप्रयोगानंतरच्या गप्पांत हा प्रश्न हमखास येतो आणि माझं उत्तर लांबलं की विचारणाऱ्याला वाटतं, बाई टाळतायत. कधी तो सरळ येतो. कधी "त्यापेक्षा तेवढ्या पैशांत झाडं लावली असती तर?" असा येतो. कधी फार काळजीने, "एवढी मेहनत घेता, पण यातून प्रत्यक्षात काय होणार?" असा. रागावून विचारणाऱ्यांना उत्तर देता येतं. काळजीने विचारणाऱ्यांपुढे मी दर वेळी अडखळते, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांनी प्रयोग पाहिलाय त्यांना सगळं परत सांगत नाही. न पाहिलेल्यांसाठी एवढंच: पाच नर्तक, एक उतरती लाकडी फळी, जांभ्याचे चार चिरे, अंगावर साधे सुती कपडे. नारिंगी दिवे नाहीत, धूर नाही, पडद्यावर ज्वाळा नाहीत. कॅलिफोर्नियाच्या आगीची चित्रफीत मागे लावा, लोकांना पटकन कळेल, असं मला आयोजकांनी सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. तिकडची आग अनेकदा झाडांच्या शेंड्यांवरून धावते. आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा जमिनीलगत असतो, गवतातून आणि पातेऱ्यातून, म्हणजे झडलेल्या वाळक्या पानांतून, सरकणारा, गुडघ्याएवढा, कधी कमरेएवढा. त्याच्याशी भिडायचं तर माणसाला वाकावं लागतं. आमचे नर्तक बराच वेळ वाकलेले का असतात, याचं उत्तर हे आहे. फळीचा उतार वाढवला की पावलांची लय दुप्पट होते, त्यालाही कारण आहे. आगीची धग वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते, त्यामुळे उतार 10 अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आग विझवणाऱ्यांचा ढोबळ हिशोब आहे.

आता "काय होणार" याबद्दल. आमच्या गावात, रत्नागिरी जिल्ह्यात, शिमग्याला पालखी नाचवतात. मुंबईहून चाकरमानी रजा टाकून येतात, खांदे सोलवटतात, तरी पालखी खाली येऊ देत नाहीत. त्यांना कुणी विचारत नाही, पालखी नाचवून काय होतं? मलाच का विचारता? हे मी एकदा गप्पांमध्ये जरा चढ्या आवाजात म्हणाले होते, आणि आजही मला ते रास्त वाटतं. पण तो वाद तिथे संपत नाही, हेही मला कळतं. पालखी गावाची असते. माझा प्रयोग तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर होतो, आणि त्यातल्या बहुतेकांनी वणवा गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो.

आणि पालखी उतरली की ते खांदे परत जातात. गाव रिकामं होतं नेमकं गवत पुरतं वाळतं तेव्हा. पूर्वी गोठ्यात गुरं होती, त्यांच्यासाठी सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरचं, गवत कापून उडव्या (गवताच्या गंजी) रचायचे, बागांतलं गवत बेणायचे, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेचा पातेरा भाजावळीसाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजायला) गोळा करून न्यायचे. आता गुरंच नाहीत, तर गवत कापणार कोण? ते कमरेएवढं उभं राहतं आणि फाल्गुनात कुणाच्या तरी काडीची वाट बघतं. वणवा लागला की उपग्रह तो टिपतो. 375 मीटरच्या चौकटीत उष्णतेचा एक ठिपका दिसतो, वनखात्याकडे इशारा जातो. यंत्रणा आहे, कायदा आहे. राखीव वनात आग लावणं 1927च्या वन अधिनियमाच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. पण ठिपका दिसल्यावर आग दाबायला पानांची डहाळी घेऊन वर चढणारं शरीर कुठून आणायचं?

मी हे ऐकीव सांगत नाही. मोठ्या काकूच्या काजूच्या बागेत वणवा शिरला त्या रात्री मी तिथे होते.

आग दुपारी सड्यावर लागली, बागेपासून बरीच दूर. दुपारी समुद्राकडून खारा वारा असतो, तो आग पूर्वेकडे, आमच्यापासून लांब नेत होता. "आपल्याकडं नाय येत," असं सगळे म्हणाले. काकू एकटीच काही बोलली नाही. रात्री जेवणं झाली, वारा पडला, आणि मग घाटाकडून मतलई सुटला, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, म्हणजे आता आमच्या दिशेने. काकू अंगणात उभी होती. तिने गालावर वारा घेतला आणि आत येऊन कोयता काढला. माझ्याकडे बघून म्हणाली, "ती चड्डी काढ आधी. चिकटंल अंगाला." सरावाची नायलॉनची लेगिंग होती. तिने तिचं जुनं सुती लुगडं दिलं, ते मी कासोटा घालून नेसले.

वर आम्ही पाच जण. काकू, मी, शेजारचे दोन आजोबा आणि त्यांच्यातल्या एकाची सून. विहीर खाली वाडीत, त्यामुळे पाण्याचा विचारही कुणी केला नाही. जांभळीच्या पानांनी भरलेल्या डहाळ्या तोडल्या आणि आगीच्या शेपटीकडून सुरुवात केली. मी डहाळी उंच नेऊन जोरात हाणत होते. शिकलेल्या शरीराला उंची आवडते, हात आपोआप खांद्याच्या वर जातो. काकू ओरडली, "उचलू नको बाय! ठिणग्या उडतात. दाब. दाबून ओढ." आणि थोड्या वेळाने, "जळलंय त्या अंगाला उभी राहा, गवताच्या नको." तिने स्वतः डहाळी जमिनीला टेकवली, मनगट लवलं, कमरेतून वजन खाली गेलं, डहाळी स्वतःकडे ओढली, एक पाऊल बाजूला. पुन्हा. सत्तरी उलटलेली बाई. श्वास सोडायची तो दाबताना, घ्यायची तो पाऊल टाकताना, तोंड जमिनीपासून वळवून. वजन खाली सोडायचं, जमिनीचा आधार घ्यायचा, हे मला गुरूंकडे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं होतं. कशासाठी, ते तिथे दिसलं.

आम्ही बराच वेळ ती ओळ धरून ठेवली. मग आग दुसरीकडून आली. गडग्याच्या एका कोपऱ्यात पातेरा साठला होता, तिथून ती आत शिरली आणि झाडांखालच्या वाळक्या पानांवरून पसरत गेली. हंगाम होता, झाडं लगडलेली होती. काजूच्या टरफलात तेल असतं, सोलताना हाताची सालं काढणारं. ते पेटलं की बिया फटाफट फुटतात आणि धूर असा झोंबतो की डोळे उघडत नाहीत. एका आजोबांना खोकल्याची उबळ आली, त्यांना खाली न्यावं लागलं. काकू म्हणाली, "सोड." मी सोडेना, तेव्हा तिने माझ्या हातातली डहाळी काढून घेतली.

सकाळी झाडं उभीच होती. पानं करपून तांबूस झालेली, बोंडू फांदीवरच शिजलेले. मी गडग्यावर बसून रडत होते. काकू बांबूची टोपली घेऊन राखेतून बिया वेचत होती. एकेक बी उचलायची, दगडावर आपटून आवाज ऐकायची. कोळसा झालेली टाकायची, नुसती भाजलेली टोपलीत. "बसू नको, वेच," म्हणाली. दुपारपर्यंत आम्ही वेचत होतो. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला, त्यात झाडं मोजली गेली.

आग कुणी लावली? विडी, तारांची ठिणगी, भाजावळीची सुटलेली आग, चांगलं गवत येतं म्हणून लावलेली काडी. गावात चारही म्हणणी आहेत. आपल्याकडचे वणवे जवळपास सगळे माणसाच्याच हातून लागतात, हे खरं. म्हणूनच दुसरा आक्षेप येतो, की लावणाऱ्याला तुम्ही रंगमंचावर का आणत नाही? कारण त्याच चैत्रात काकूने तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जागा भाजली, दर वर्षीसारखी. कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा, वर शेण, वर माती, वाऱ्याचा अंदाज घेऊन सकाळी काडी, आणि विझेपर्यंत बांधावर बसून राखण. वनखातंसुद्धा उन्हाळ्याआधी स्वतः गवत जाळूनच जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढतं. आग लावणाराच वाईट, असं ठरवलं की मला काकूलाही त्यात बसवावं लागतं. ते मी करणार नाही, आणि ज्याच्या निष्काळजीपणाने बाग गेली त्याला माफही करणार नाही. या दोन्हींचा मेळ मला प्रयोगात घालता आलेला नाही. तिसऱ्या भागात शेवटचा नर्तक तळहात जमिनीवर ठेवून थांबतो, तो राखण करतोय की आग लावतोय हे तुम्हाला कळत नाही, अशी तुमची तक्रार आहे. मलाही ते ठरवता येत नाही.

पूर्वीची मी या सगळ्याला एका वाक्यात उत्तर द्यायची: कलेला उपयोग विचारू नका. तिच्याशी मी हल्ली रोज भांडते. ते वाक्य पुण्याच्या तालीमघरात खरं वाटतं, बागेत उभं राहून मला ते म्हणता येत नाही. पण तिला पुरतं गप्पही बसवता येत नाही. उपयोग हीच कसोटी धरली, तर मी नाच सोडून ब्लोअर, म्हणजे जोराच्या हवेने आग विझवायचं यंत्र, विकत घेऊन गावाला द्यायला हवा. ब्लोअर द्यायला हवाच. तो आला तरी काकूच्या मनगटातलं ते दाबणं आणि ओढणं कुठे जाणार? ती गेल्यावर ते कुणाच्या अंगात असेल? माझ्या पाच नर्तकांच्या अंगात ते थोडंसं उतरलंय, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. ते पुरेसं आहे, असं मी म्हणत नाही.

काकूने प्रयोग पाहिला, आमच्याच खळ्यात, संध्याकाळी. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "हात बरोबर आहेत. पण वारा कुठून येतोय, ते तुमच्यातल्या एकालाही ठाऊक नाय." मला मिळालेला हा सगळ्यात नेमका आक्षेप आहे आणि सध्या आम्ही त्यावरच काम करतोय. बंद नाट्यगृहात ते होत नाही. पंखे लावून पाहिले, पण पंख्याचा वारा एकाच बाजूने येत राहतो, आणि तो कधी फिरणार हे नर्तकांना आधीच माहीत असतं.