श्रीनगरच्या बागांमधला हरुद (काश्मीरचा पानगळीचा ऋतू): चिनार बघायला जाणाऱ्यांसाठी

चिनारचे रंग बघायचे तर आधी तारीख पक्की करा, हॉटेल वगैरे नंतर. पानं ऑक्टोबरच्या मध्यावर पिवळी पडायला लागतात, पण रंग खरा चढतो तो ऑक्टोबरच्या शेवटच्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दिवाळी लवकर आली आणि त्याच सुट्टीत गेलात, तर बरेचसे चिनार हिरवेच दिसतील. फार उशीरही नको. २०१८ आणि २०१९, लागोपाठ दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात जोरदार बर्फ पडला होता. तेव्हा बागांसाठी तीन दिवस मोकळे ठेवा. एक दिवस पावसात गेला तरी दोन उरतात.

नसीम बाग, शालिमार आणि निशात या तिन्ही बागा एका दिवसात होतात, मात्र क्रम चुकवू नका. शालिमार (१६१९, जहांगीरची) आणि निशात (१६३३, नूरजहाँचा भाऊ आसफ खान याची) या दोन्ही झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या पूर्वेला आहेत. डोंगर पाठीशी असल्यामुळे तिथे सकाळी ऊन उशिरा उतरतं. पहाटेच निशातला पोचलेल्यांना सावलीतली मळकट तपकिरी पानं दिसतात आणि रंग गेला असं वाटतं. रंग असतोच, ऊन नसतं.

म्हणून सुरुवात नसीम बागेपासून करा. ती सरोवराच्या पश्चिमेला, हजरतबल दर्ग्याजवळ काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे. ओळखपत्र जवळ असू द्या. सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. साडेसात ते नऊ या वेळेत तिरपं ऊन खोडांमधून आत येतं. शुक्रवार टाळा, नमाजाच्या गर्दीत रस्ता अडकतो. साडेदहाला शालिमार, आणि तीनपासून अंधार पडेपर्यंत निशात. निशातच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर आधी चढून जा आणि मग सावकाश उतरत या. पश्चिमेचं ऊन समोरून येतं आणि प्रत्येक पान आतून उजळल्यासारखं दिसतं. पाच-सव्वापाचचं ऊन तर चुकवूच नका.

झाड दुरून बघून पुढे जाऊ नका. एकाच चिनारवर शेंड्याची, उन्हातली पानं तांबूस झालेली असतात, तर आतल्या सावलीतली अजून पिवळी-हिरवी. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असेल तर लाली चढते. सलग ढगाळ हवा राहिली की रंग पिवळ्या-तपकिरीवरच अडतो. खाली पडलेलं पान उचलून देठाचं टोक बघा: ते फुगीर आणि आतून पोकळ असतं, छोट्या टोपीसारखं. पुढच्या वसंताची कळी त्या टोपीखाली झाकलेली असते. पान गळतं तेव्हाच ती उघडी पडते.

फोटो काढताना कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर तो पानांचा तांबूसपणा मारतो, डेलाइटवर ठेवा. एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी करा, नाहीतर लाल रंग फाटतो आणि पानांच्या शिरा दिसत नाहीत. ओल्या पानांवरची चमक पोलरायझर फिल्टरने जाते.

पहाटे पारा २-३ अंशांपर्यंत उतरतो, दुपारी १५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. कांगडीच्या (ऊब घ्यायला जवळ बाळगायच्या छोट्या शेगडीच्या) कोळशासाठी लोक पानांचे ढीग धुमसत ठेवतात. दम्याचा त्रास असेल तर मास्क हवाच.

रोप आणायचा मोह आवरा. कोकणात किंवा विदर्भात चिनारला हवी ती थंडी मिळत नाही आणि उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात. पडलेली पानं मात्र जरूर आणा. कोरडी, कुरकुरीत झालेली घेऊ नका, प्रवासात चुरा होतो. नुकतीच पडलेली, लवचीक घ्या. वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये एकेक पान ठेवून वर जड पुस्तकं ठेवा. पहिले चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर देठाच्या फुगीर टोकाशी ओल राहते आणि तिथूनच बुरशी धरते.