तुम्ही विचारलंत म्हणून : मकरेतून परत ये

जुनं अमेरिकन साहित्य शिकवते म्हटलं की हमखास प्रश्न येतो, 'त्यात चांगली बायको म्हणजे नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी, एवढंच ना?'

आज्ञाधारकपणा आहेच. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाच्या ख्रिस्ती पंथाच्या, वसाहतीतली कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट हिची आई १६४३मध्ये वारली, तेव्हा ॲनने लिहिलं: प्रेमळ आई, आज्ञाधारक पत्नी, गोरगरिबांना अन्नवस्त्र देणारी, नोकरांना धाकात ठेवूनही मायेनं वागवणारी.

पण हीच ॲन स्वतःच्या संसारावर लिहू लागली की सूर पालटतो. नवरा सायमन सार्वजनिक कामासाठी बॉस्टनला, ती उत्तरेकडे इप्सविचला. आपण दोघं एक आहोत ना, मग तू तिथे आणि मी इथे कशी, असं ती सरळ विचारते. नवरा तिचा सूर्य. तो दक्षिणेला गेलाय म्हणून ती इथे गारठलीय. मकरेतून लवकर परत ये, आणि उत्तरेला आलास की माझ्या उरातल्या कर्केत तळपत राहा, मावळू नकोस! दक्षिणायन-उत्तरायण जाणणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. प्युरिटन समाजात पती-पत्नीचं प्रेम हे कर्तव्यच होतं, फक्त ते देवावरच्या प्रेमाहून वरचढ व्हायला नको होतं. ॲन त्या काठावर उभी राहून लिहिते. मला ती फार धीट वाटते.

पुढे १८१९मध्ये वॉशिंग्टन अर्व्हिंग आपल्या कथेत बायकोला वेलीची उपमा देतो: वीज पडून दुभंगलेल्या झाडाला सावरून धरणारी वेल. सुंदर आहे, पण ती बायको नवऱ्याच्या मित्राने पाहिलेली आहे.

बायको स्वतः काय म्हणते ते कळावं म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी ॲनची बाळंतपणापूर्वीची कविता देते. ॲनला आठ मुलं झाली, आणि त्या काळी प्रत्येक खेप जिवावरची. आपण वाचलो नाही तर, असं धरून ती नवऱ्याला लिहिते. आईवरच्या ओळींत गुण एकेक करून सांगितले होते. इथे ती स्वतःचा एकही सांगत नाही. माझ्यात काही चांगलं असेल तर ते आठवणीत ताजं ठेव, दोष माझ्याबरोबर पुरून टाक. दुःख ओसरलं तरी तुझ्या मिठीत राहिलेल्या या मेलेलीवर प्रेम कर. आणि माझ्या लेकरांना सावत्र आईच्या जाचापासून सांभाळ.