कानाला लावायचा कॅमेरा

जुना रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मापून फोकस करायचा कॅमेरा हातात दिला, की नवखा माणूस तो डोळ्याला लावतो. मुरलेला माणूस कानाला लावतो. शटरचा वेग एका सेकंदावर ठेवायचा, लिव्हर ओढायची, बटण दाबायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. आतली चाकं एका दमात घरघरून थांबली, तर मान डोलते. मध्येच अडखळली, तर तोंडातून नकळत 'च्च' निघतं. आतलं वंगण वाळलंय, हे ऐकणाऱ्याला कळलेलं असतं आणि मालकाला आधीपासून माहीत असतं. उघड कोणीच बोलत नाही. दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला नावं ठेवणं म्हणजे त्याच्या पोराला नावं ठेवण्यासारखंच.

आम्ही चार-पाच जण अधूनमधून असे जमतो. टेबलावर जाडसर कापड अंथरतो आणि आपापल्या पिशव्या सोडतो. पिशवीतून निघतो पायमोजा आणि पायमोज्यातून कॅमेरा. मूळची चामड्याची केस प्रत्येकाकडे असते, पण ती कपाटात. चामडं ओल धरून ठेवतं आणि ओल म्हणजे लेन्सच्या आत बुरशी, हे एखादी चांगली लेन्स गमावल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. म्हणून पन्नास-साठ वर्षांचं ते देखणं यंत्र जोडीदार हरवलेल्या मोज्यात झोपतं. फोटो मात्र फारसं कोणी दाखवत नाही. "अलीकडे काय काढलंत?" असं विचारलं, तर "रोल अजून आतच आहे" हे ठरलेलं उत्तर. ३६ फोटोंचा रोल संपवायला आमच्यातल्या एकाला वर्ष पुरत नाही.

हे यंत्र चालतं कसं, ते समजायला एक बोट पुरतं. बोट नाकासमोर धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट सरकल्यासारखं दिसेल. जितकं जवळ, तितकं जास्त सरकेल. रेंजफाइंडर नेमकं हेच करतो. त्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात, एक मोठी आणि एक इवलीशी. इवल्याशा खिडकीतलं दृश्य आतल्या आतून वळून मोठीतल्या दृश्यावर, मधोमध, एका लहानशा चौकोनात पडतं. त्यामुळे समोरच्या माणसाची दोन नाकं दिसतात. लेन्सची कडी फिरवत राहायचं. नाकावर नाक बसलं, की फोकस झाला. त्या चौकोनाला आम्ही 'पॅच' म्हणतो. जुन्या कॅमेऱ्यांची चौकशी करताना तब्येतपाण्याआधी तोच विचारायचा: "पॅच कसा आहे?" "जरा फिका झालाय, पण लागतो."

ऑस्कर बार्नाकने जर्मनीतल्या वेट्झलारला, लाइट्झच्या कारखान्यात, सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा खिशाएवढा कॅमेरा पहिल्या महायुद्धाच्या आधीच बनवून पाहिला होता. १९२५ साली तो 'लायका' म्हणून बाजारात आला, तेव्हा त्यात हा पॅच नव्हता. अंतर अंदाजाने लावायचं, नाहीतर वेगळा अंतरमापक डोक्यावर खोचायचा, त्यातला आकडा वाचायचा आणि लेन्सवर तोच लावायचा. १९३२ साली लायका टू आणि त्याचा प्रतिस्पर्धी काँटॅक्स, दोघांनीही अंतरमापक थेट लेन्सला जोडून टाकला. तरी लायकात डोळा लावायची भोकं दोनच राहिली: एकात फोकस करा, मग दुसऱ्यात चौकट बघा. ती एकत्र व्हायला त्यांना १९५४चा एम-थ्री काढावा लागला. काँटॅक्सवाल्यांनी हे काम १९३६ सालीच उरकलं होतं. आमच्या टेबलावर एक काँटॅक्सभक्त आहेत. हे साल ते दर बैठकीत एकदा तरी सांगतात, म्हणून मलाही पाठ झालंय.

त्यांच्याकडे असतो तो खरं तर काँटॅक्स नाहीच, कीव्ह आहे. महायुद्धानंतर काँटॅक्सची यंत्रसामग्री रशियनांनी उचलून नेली, कीव्हमध्ये मांडली आणि त्याच घडणीचे कॅमेरे ऐंशीच्या दशकापर्यंत काढत राहिले. या घडणीत दोन खिडक्यांमधलं अंतर जवळजवळ ९ सेंटिमीटर आहे. जुन्या लायकात ते ४च्या आसपास. अंतर जास्त, तेवढा नेम पक्का. पण त्यापायी इवलीशी खिडकी पार कडेला गेली आणि नेमकी तिथेच माणसाची बोटं येतात. मी तो कॅमेरा पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा मला पॅच दिसेचना. "अहो, हा तर आंधळा झालाय," मी घाबरून म्हणाले. ते काही बोलले नाहीत. माझं मधलं बोट त्यांनी हळूच उचललं आणि दुमडून ठेवलं. खिडकी उघडली, पॅच आला. या पकडीला जगभर काँटॅक्सच्याच नावाने ओळखतात, हे नंतर कळलं.

फेड नावाच्या कॅमेऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. खारकीव्हमध्ये बेघर मुलांची एक वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ मकारेन्को यांच्या हाताखाली ती वाढली आणि १९३४पासून तिथल्या मुलांच्या हातून लायकाच्या हुबेहूब नकला बाहेर पडू लागल्या. नाव दिलं फेड, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याची आद्याक्षरं. पुढे लबाडांनी याच फेडवर आणि त्याचा भाऊबंद झोर्कीवर लायकाचं नाव कोरून, सोनेरी मुलामा चढवून ते खपवायला सुरुवात केली. म्हणजे नकलेचं पुन्हा सोंग. झकपक सोनेरी लायका कोणी कौतुकाने पुढे केला, की टेबलावर जी शांतता पसरते, ती ऐकण्यासारखी असते.

या सगळ्या जातीचा एक दोष आहे. खोड म्हणू या. तुम्ही बघता एका खिडकीतून आणि फोटो निघतो दुसऱ्याच काचेतून. लेन्सला काय दिसतंय, हे तुम्हाला कधीच दिसत नाही. लेन्सवर झाकण असलं, तरी तुमच्या खिडकीत जग लख्ख असतं. मी एका लग्नाचा अर्धा रोल झाकण न काढता काढला. सगळे हसून माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, प्रसन्न आहेत. उलट झाकण लावायला विसरून कॅमेरा उन्हात तोंड वर करून ठेवला, तर लेन्स भिंगासारखी ऊन गोळा करते आणि कापडी शटरला भोक पाडते. मध्ये आरसा नाही ना अडवायला. म्हणजे झाकण लावलं तरी पंचाईत, काढलं तरी पंचाईत. लेन्सला दिसतं तेच डोळ्याला दाखवणारे आरशाचे कॅमेरे साठच्या दशकात यांना मागे टाकून निघून गेले, ते काही उगाच नाही.

यातले नियम एकेका चुकीने शिकायचे. झोर्कीचा वेग बदलायचा तर आधी शटर ताणायचं आणि मगच चकतीला हात लावायचा, नाहीतर आतलं काहीतरी मोडतं. याशिका इलेक्ट्रो या जपानी कॅमेऱ्याची लिव्हर ओढताना 'टक' असा आवाज यायला हवा. नाही आला, तर आतला रबराचा तुकडा विरघळला. पुन्हा कानच. आणि रोल पुढे सरकतोय का, हे आकड्यावरून नाही, रिवाइंडच्या बटणावरून बघायचं. लिव्हर ओढताना ते आपोआप फिरलं, तर फिल्म चालली आहे. मी हे शिकले ते ३६ फोटो काढून ३७वाही निघाला तेव्हा. आणि मग ३८वा. मला वाटलं, कंपनीने फिल्म जास्त दिली. फिल्म जागेवरून हललीच नव्हती. समाधान एवढंच, की तो रोल कोराच असल्यामुळे पुन्हा वापरता आला.

कॅमेरे बघून झाले, की पिशवीच्या तळाशी हात जातो. खरी मजा तिथे आहे. पिवळा फिल्टर, ज्याने कृष्णधवल फोटोत ढग उठून येतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर खोचून चौकट बघायचे जादा व्ह्यूफाइंडर, एकेका लेन्सचा वेगळा. लेन्सवर ऊन पडू न देणारे, पोचे आलेले हूड. केबल रिलीज, म्हणजे लांबून बटण दाबायची तार, जी कुणाचीच नीट चालत नाही. सेलशिवाय नुसत्या उजेडावर सुई हलवणारा सेलेनियमचा लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र. त्याची सुई आता उजेड असो की अंधार, एकाच आकड्याकडे बोट दाखवते. पूर्वी मीटरमध्ये वापरायचे ते पाऱ्याचे सेल बंद झाले, म्हणून कुणी श्रवणयंत्रातला बारीक सेल वायसर घालून बसवलेला असतो. कानाचाच सेल. जुन्या लायकात खालून फिल्म घालायची, तर तिचं टोक आधी लांब कातरावं लागतं. ते कातरायचा पत्र्याचा साचा एकाकडे आहे. तो त्या साच्याला कॅमेऱ्यापेक्षा जपतो.

झिजलेल्या जागांवरही बोलणं होतं. काळा रंग उडून खालचं पितळ दिसू लागलं, की ते कोपरे लोक अंगठ्याने कुरवाळतात. नवा कॅमेरा कारखान्यातच झिजवून विकल्याचंही उदाहरण आहे. मला ते पटत नाही. एका झोर्कीच्या पाठीवर, बरोब्बर नाकाच्या जागी, चमकदार ठिपका आहे. हा माणूस डावा डोळा लावायचा, एवढं त्यावरून कळतं.

माझ्या पिशवीत एक रिकामी स्पूल आहे. पितळी, बोटभर, फिल्म गुंडाळून घ्यायची. जुन्या कॅमेऱ्यांत ही सुटी असते, म्हणून हमखास हरवते. माझी मात्र हरवली नाही, तिचा कॅमेराच नाही. कुठल्या तरी डब्यातून खिळ्या-स्क्रूंबरोबर आली. दर बैठकीत मी ती सगळ्यांच्या कॅमेऱ्यात घालून बघते. कीव्हमध्ये सैल पडते, लायकात चढतच नाही. आता सगळ्यांना माहीत झालंय, स्वतःच झाकण काढून कॅमेरा पुढे करतात. परवा काँटॅक्सभक्तांचा फोन आला. कोणीतरी त्यांना एक फेड दिलाय, अगदी सुरुवातीच्या काळातला. शटर सगळ्या वेगांवर चालतं, पॅच स्वच्छ आहे.

"फक्त स्पूल नाही हो त्यात," ते म्हणाले.

मी पायमोजा शोधायला घेतलाय.