रिकामं आडनाव आणि नऊ महिने अडकलेली शपथ

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी भरून घ्या. अमेरिकेच्या व्हिसासाठी पासपोर्ट देण्याच्या आत. बाकीचं सगळं नंतर सांगते, पण हे पहिलं, कारण २००९ साली सांगलीत मला हे कुणी सांगितलं असतं तर माझी पुढची कितीतरी वर्षं वाचली असती.

लग्नानंतर घाईघाईत पासपोर्ट काढला. फॉर्म एजंटने भरला. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, तिन्ही शब्द एकाच रकान्यात, आणि 'सरनेम'पुढे कोरी जागा. आपल्याकडे त्याने काही अडत नाही. व्हिसा हातात आला तेव्हा मात्र ते तिन्ही शब्द आडनावाच्या जागी जाऊन बसले होते आणि नावाच्या जागी तीन अक्षरं होती, एफ, एन, यू. म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', पहिलं नाव माहीत नाही. तेच पुढे लायसन्सवर उतरलं, विम्याच्या कार्डावर उतरलं, २०१८ साली ग्रीन कार्डवरही. दवाखान्यात नर्स दारात येऊन "फ्नू?" अशी हाक मारायची आणि मी उठून आत जायची. मुलगी सात वर्षांची असताना एकदा तिथेच तिने मला विचारलं, "आई, त्यांना तुझं नाव का माहीत नाही?" तेव्हा ठरवलं की सिटिझनशिप घेताना हे नीट करायचंच.

नागरिकत्वाच्या फॉर्मवर, एन-४०० वर, तशी सोय आहे. 'तुम्हाला कायद्याने नाव बदलायचं आहे का?' असा प्रश्न असतो. मी 'हो' केलं. नवऱ्याच्या पासपोर्टवर आडनाव नीट होतं, त्याने 'नाही' केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघांनी एकाच रात्री, जेवणाच्या टेबलावर बसून अर्ज भरले. ग्रीन कार्डला पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आधी नव्वद दिवसांपासून अर्ज करता येतो. तेव्हा माणशी ७२५ डॉलर फी होती, एप्रिल २०२४ पासून ती बदलली आहे.

नागरिकत्वाच्या परीक्षेचं लोक उगाच टेन्शन घेतात. आमच्या वेळी शंभर प्रश्नांची यादी होती, त्यातले जास्तीत जास्त दहा विचारायचे आणि सहा बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांची यादी आहे, वीस विचारतात, बारा यावे लागतात. तरी घाबरण्यासारखं नाही. एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं. आपली अडचण पाठांतराची नसतेच, आपली अडचण अशी की डोक्यात आपलं नागरिकशास्त्र पक्कं बसलेलं असतं. काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, ज्याचं बहुमत त्याचं सरकार, असं मला किती तरी वर्षं वाटत होतं. तसं नाही. इथे सरकार 'पडत' नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी वेगळा निवडलेला असतो, त्याचे मंत्री काँग्रेसचे सदस्य असूच शकत नाहीत, आणि समोरचं सभागृह पूर्ण विरोधकांचं असलं तरी तो खुर्चीवर राहतो. सिनेट म्हणजे राज्यसभा, हेही अर्धंच खरं. राज्यसभेत उत्तर प्रदेशाच्या जागा सिक्कीमपेक्षा कितीतरी जास्त असतात. सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाचे दोन आणि वायोमिंगचेही दोनच, शिवाय १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपासून लोकच त्यांना थेट निवडतात. हे एकदा नीट समजलं की अर्धे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत. आणि राज्याची राजधानी नीट बघून जा. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी आहे आणि इलिनॉयची स्प्रिंगफील्ड.

जुलै २०२३ मध्ये दोघांची मुलाखत एकाच दिवशी झाली. पहिले सहाही प्रश्न बरोबर आले, तिथेच ऑफिसर थांबला. त्यातला एक प्रश्न होता, सरकारची एक शाखा फार बलवान होऊ नये म्हणून काय व्यवस्था आहे? मी धडाधडा उत्तर दिलं, चेक्स अँड बॅलन्सेस. काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि कोर्टं, या तिन्ही शाखांचा एकमेकींवर वचक. पुढच्या नऊ महिन्यांत मला त्या उत्तराचा अर्थ कळणार होता.

नावबदलाच्या कागदावर सही घेऊन ऑफिसर म्हणाला, तुमची नागरिकत्वाची शपथ न्यायाधीशांसमोर होईल, पत्र येईल. मी विचारलं, किती दिवस? म्हणाला, ते कोर्टावर आहे. नवऱ्याला दोन आठवड्यांनी त्याच इमारतीत शपथ दिली, दुपारी तो सर्टिफिकेट घेऊन घरी आला. माझ्या अर्जाच्या ऑनलाइन खात्यावर एकच वाक्य होतं, 'शपथविधीची तारीख ठरवली जाईल.' ऑगस्टमध्ये तेच, दसऱ्याला तेच, दिवाळीला तेच. मी सकाळी चहा गॅसवर ठेवला की आधी ते पान उघडायची. फोन केला तर पलीकडचा माणूस तेच वाक्य वाचून दाखवायचा. चिडून मी दोनदा विचारलं की मंजुरी मिळालेली आहे, मग अडलंय कुठे? कुणी सांगत नव्हतं.

अडलं होतं ते मी नंतर कायदा वाचून समजून घेतलं. अर्ज मंजूर करणारं ऑफिस सरकारच्या कार्यकारी शाखेचं. त्या ऑफिसला नागरिकत्व देता येतं, पण कुणाचं नाव बदलण्याचा अधिकार नाही. तो न्यायाधीशाचा. याचं मूळ जुनं आहे. १७९० च्या पहिल्या कायद्यापासून इथे नागरिकत्व कोर्टच द्यायचं. १९९० च्या कायद्याने ते काम कार्यकारी शाखेकडे आलं, पण शपथेबरोबर नाव बदलून देणं कोर्टाकडेच राहिलं. म्हणून नाव बदलायचं असेल तर कोर्टातला शपथविधी लागतो, आणि तो कोर्टाच्या कॅलेंडरप्रमाणे होतो. काही ठिकाणी सगळेच शपथविधी कोर्टात होतात, तिथे हा प्रश्न येत नाही. तुमच्या भागात काय पद्धत आहे ते 'हो' करण्याआधी विचारा.

१७९० चा तो कायदा वाचताना मी थांबले होते. 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'पुरताच होता तो. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात एकमताने सांगितलं की भारतीय माणूस त्यात बसत नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेला माणूस तो. पुढे १९४६ साली काँग्रेसने कायदा केला तेव्हा भारतीयांना हा दरवाजा उघडला, तोही येणाऱ्यांचा कोटा वर्षाला शंभर ठेवून. माझी तक्रार नऊ महिन्यांची होती. ते वाचल्यावर तक्रार गेली नाही, पण नाव नीट करूनच घ्यायचं हा हट्ट जास्त पक्का झाला.

हट्ट म्हणते कारण सोपा रस्ता होता. नावबदलाची विनंती लेखी मागे घ्यायची, की मलाही लवकर साधी शपथ मिळाली असती. नवरा म्हणाला, घेऊन टाक, नाव नंतर राज्याच्या कोर्टात बदलू. बोलणं चुकीचं नव्हतं. नाव बदलणं हा मुळात राज्यांच्या कायद्याचा विषय आहे आणि राज्यांची कोर्टं इथे वेगळी, फेडरल कोर्टं वेगळी. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हाच फरक सांगितला होता. अमेरिकेत दुहेरी नागरिकत्व, केंद्राचं आणि राज्याचं, आणि न्यायव्यवस्थाही दुहेरी. आपल्याकडे एकच नागरिकत्व आणि न्यायव्यवस्थाही एकसंध. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, त्यांना ही व्यवस्था आतून माहीत होती. मी ते भाषण त्या डिसेंबरात पहिल्यांदा पूर्ण वाचलं. पण राज्याच्या कोर्टात गेले असते तर वेगळी फी, वेगळी तारीख, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर तेच 'एफएनयू'. मी नाही म्हटलं.

त्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. शपथेचं पत्र कधीही येईल, तारीख चुकली तर काय, या भीतीने मी तिकीट काढलं नाही. आई फोनवर म्हणाली, "माधवी, तू तुझं काम कर, मी आहे बरी." ऑपरेशन भावाने सांभाळलं. ते मला अजून लागतं, कारण थांबायची गरजच नव्हती. तारीख जमत नसेल तर पत्राबरोबर कारण लिहून दुसरी तारीख मागता येते. फक्त दर वेळी देशाबाहेर गेल्याची नोंद ठेवायची, शपथेच्या दिवशी विचारतात.

हे मला सांगितलं ते आमच्या काँग्रेस सदस्याच्या स्थानिक ऑफिसातल्या बाईंनी. तिकडे जायचं सुचवलं मैत्रिणीने. मी म्हटलं, मला मत नाही, माझं कोण ऐकणार? पण त्या शंभर प्रश्नांतच उत्तर होतं. सिनेटर कुणाचं प्रतिनिधित्व करतो? राज्यातल्या सगळ्या लोकांचं. मतदारांचं नव्हे, लोकांचं. मी शंभर वेळा पाठ म्हटलेलं वाक्य, पण लक्षात आलं नव्हतं. हाउसच्या, म्हणजे काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाच्या, ४३५ जागा राज्यांना वाटतानाही जनगणनेतली सगळी माणसं मोजतात, नागरिक असोत वा नसोत. म्हणजे मी मोजली गेले होते. बाईंनी एक फॉर्म भरून घेतला, माझी माहिती त्यांना देण्याची लेखी परवानगी. १९७४ च्या प्रायव्हसी कायद्यामुळे तो लागतो, त्याशिवाय त्या चौकशी करू शकत नाहीत. तारखा, रिसीटचा नंबर आणि काय हवंय ते एका पानात लिहून न्या. मी चार पानं नेली होती, त्यांनी शांतपणे एक केलं.

त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "आम्ही विचारू शकतो, हुकूम देऊ शकत नाही. आणि कोर्टाला तर विचारूही शकत नाही." तीन आठवड्यांनी उत्तर आलं की माझं नाव कोर्टात होणाऱ्या शपथविधीच्या यादीत आहे, आणि पुढचा शपथविधी वसंतात आहे. बस, एवढंच. पण सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी खरं कारण सांगितलं होतं. एका शाखेने मंजूर केलं, दुसरीने विचारलं, तिसरी आपल्या वेळेने करणार. त्या रात्री मी जानेवारीचं तिकीट काढलं आणि सांगलीला जाऊन तीन आठवडे आईजवळ राहिले.

शपथ एप्रिल २०२४ मध्ये झाली. दारात ग्रीन कार्ड परत घेतलं. न्यायाधीशबाईंनी आधी नावबदलाच्या अर्जांना मंजुरी दिली, मग शपथ दिली. माझं नाव वाचताना त्या जरा थांबल्या आणि तिन्ही शब्द सावकाश, वेगवेगळे म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर्टिफिकेट हातात आल्यावर खुर्चीवरून उठण्याआधी प्रत्येक अक्षर तपासा, जन्मतारीख सुद्धा. माझ्या पुढच्या बाईंच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, तिथल्या तिथे सांगितलं म्हणून लगेच नोंद झाली. कोर्टाचा शिक्का असलेला नावबदलाचा कागद जपून ठेवा. सोशल सिक्युरिटी, बँक, भारतीय पासपोर्ट परत करणं, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड), सगळीकडे तो मागतात. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे शपथ झाली की भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही. तो जमा करून त्यागाचं प्रमाणपत्र घ्यायचं.

एक राहिलं, आणि हे महत्त्वाचं. लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणी करायची का, असं विचारतात. शपथेआधी चुकूनही 'हो' म्हणू नका. एन-४०० वर तो प्रश्न आहे आणि चुकीने केलेली नोंदणीही फार महाग पडू शकते. शपथ झाल्यावर करा. मी त्याच दिवशी केली.

५ नोव्हेंबरला सकाळी मतदानाला गेले. टेबलामागच्या आजोबांनी यादी पुढे ओढली आणि विचारलं, "आडनाव?" मी सांगितलं. त्यांनी बोट खाली नेलं, मग विचारलं, "नाव?"

"माधवी," मी म्हटलं.